झटके मारणारी गाडी आणि फिरणारा मेसेज

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: जुनी मॅन्युअल टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेली सेडान 80 हजार किलोमीटरच्या पुढे गेली की संपली. झटके मारते म्हणजे गिअरबॉक्स गेला. तरी घेतलीच असेल तर खान्देशच्या उन्हासाठी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून टाका, इंजिनात 20डब्ल्यू-50 ऑइल घाला, गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नका, घाट न्यूट्रलमध्ये उतरा आणि बंद करण्याआधी गाडी पाच मिनिटं उभी चालू ठेवा.

स्कोडाची लॉरा 1.8 टीएसआय, फियाटची लिनिया टी-जेट, स्कोडाचीच पहिली ऑक्टाव्हिया आरएस अशा गाड्या आज नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळतात. पोरं हौसेनं घेतात आणि असले सल्ले ऐकून चांगल्या गाडीची वाट लावून बसतात. ते बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी झटक्यांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. पाचोऱ्याच्या एका मित्राची गाडी ॲक्सिलरेटर सोडला की दणका द्यायची आणि दुसरा गिअर अडकायचा. एका गॅरेजवाल्यानं न तपासताच गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं. दुसऱ्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढायला लावला आणि क्लच अलगद अर्धा सोडायला सांगितला, एकदा पहिल्या गिअरमध्ये, एकदा रिव्हर्समध्ये. इंजिन जागच्या जागी चांगलंच हललं. खालच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचं, रबर आरपार फाटलेलं होतं. मग त्यानं ब्रेक ऑइलच्या डबीत टॉर्च मारला. त्या गाडीत क्लचही त्याच डबीतून ऑइल घेतो. आत कोऱ्या चहासारखं काळं पाणी. "गिअरबॉक्सले काहीच व्हयेल नही शे, दादा," एवढंच तो बोलला. फाउंडेशन बदललं, ऑइल बदलून क्लचची एअर काढली, गाडी गुळगुळीत झाली.

यात जादू काही नाही. डॉट-4 हे ब्रेक-क्लचचं ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. दोन वर्षांत ते बदललं नाही तर गरम झाल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि तो सगळा ताण सिंक्रो रिंगवर (गिअर पडताना दोन्ही चाकांचा वेग जुळवणाऱ्या पितळी कडीवर) येतो. गिअर घासतो तो म्हणून. दणके मात्र बहुतेक वेळा फाउंडेशन, घाण झालेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप), इंटरकुलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) सैल होज किंवा ठिणगी देणारे थकलेले प्लग-कॉइल यांतून येतात. लॉराच्या 1.8 टीएसआय इंजिनात पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या आतला धूर परत ओढून घेणाऱ्या झडपेचा) पडदाही फाटतो. मग आयडलिंग वरखाली होतं, कधी शिट्टीसारखा आवाज येतो. स्कॅनर लावा, होज हातानं चाचपा, फाउंडेशन बघा. गिअरबॉक्स उतरवायचा विचार त्यानंतर.

गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" हे तर मला अजिबात पटत नाही. ऑइल झिजतं, त्यात धातूचा चुरा साठतो. जुनी गाडी हातात आली की ते एकदा बदलून टाकाच, पण रस्त्यावरच्या दुकानातलं कुठलंही 80डब्ल्यू-90 जीएल-5 गिअर ऑइल ओतू नका. त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेडच घाला.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला आपल्याकडे इतका रुजलाय की चांगले मिस्त्रीही देतात. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून गाडी थंड राहू दे, असा त्यामागचा हिशोब. पण इंजिनाला साधारण 90 अंशांच्या आसपासच काम करायचं असतं. थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरच्या पहाटे इंजिन लवकर तापत नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो, झीज वाढते, चेक लाइट लागते. आणि गाडी ज्या कारणानं तापत होती ते तसंच राहतं. आपल्या भागात त्या कारणाचा शोध मी रेडिएटरपासून घेईन. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारे कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतात. वरून काही दिसत नाही. बंपर काढून आत बघितलं की नमद्यासारखा थर निघतो. तो साफ करा, दोन्ही स्पीडला फॅन फिरतो का बघा आणि बोअरचं क्षाराचं पाणी काढून कूलंट भरा.

जाड ऑइलचंही तेच. 5डब्ल्यू-40 सारख्या ऑइलच्या ग्रेडमधला 40 हा आकडा 100 अंशांवरच्या घट्टपणाचा आहे, बाहेरच्या उन्हाचा नाही. टीएसआयचा टायमिंग चेन टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी पहिल्या स्टार्टला जाड ऑइल तिथे आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचतं. शंका असेल तर ग्रेड बदलू नका, ऑइल लवकर बदला.

न्यूट्रलमध्ये घाट उतरणं हे नुसतं चूक नाही, जिवावर बेतणारं आहे. चाळीसगावचा कन्नड घाटच घ्या. तिथे इंजिन ब्रेकिंग (गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनानं वेग रोखणं) सोडून फक्त ब्रेकवर उतरलात तर पॅड तापतात आणि पेडल खाली जातं. पेट्रोलही वाचत नाही: गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं.

पाच मिनिटांचा नियम जुन्या, फक्त ऑइलवर थंड होणाऱ्या टर्बोंच्या काळातला. घाट दाबून चढला असाल तर पुढचे दोन-चार किलोमीटर सावकाश चालवा, तेवढं पुरतं.

राहिला 80 हजाराचा आकडा. मीटर मागे फिरवता येतं, त्यामुळे त्या आकड्यावर भरवसा ठेवून गाडी नाकारूही नका आणि घेऊही नका. बिलं मागा. थंड इंजिन स्वतः स्टार्ट करा आणि पहिल्या काही सेकंदांत चेनची खडखड येते का ऐका. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग संशयित. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग नाही चढला तर क्लच प्लेट घसरतेय, तिचे आणि फ्लायव्हीलचे (क्लच प्लेट ज्याला चिकटते त्या जड चाकाचे) पैसे भावातून कमी करून मागा.