फ्लॉपीला बदाम देणाऱ्यांनो, जरा थांबा

गेला आठवडाभर आमच्या ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. काळी साडेतीन इंची फ्लॉपी (कॉम्प्युटरच्या फायली ठेवायची जुनी चकती), वर ‘ओळखलंत तर तुम्ही म्हातारे झालात’ असलं काहीतरी, आणि खाली आमच्या वयाचे सगळे बदामावर बदाम ओततायत. ‘काय ते दिवस!’ ‘तेव्हाच्या वस्तूच वेगळ्या!’ मला राहवेना म्हणून लिहितेय. त्या दिवसांबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. पण फ्लॉपी? ऑफिसात येऊन गेलेल्या सगळ्या जुन्या वस्तूंत इतकी बेभरवशाची वस्तू मी दुसरी बघितली नाही. प्रेम करायचंच तर करण्यासारख्या पुष्कळ वस्तू होत्या की.

मी आधी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) ऑफिसात टायपिस्ट होते, नंतर शहापुरात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करायला लागले. टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, अमोनिया प्रिंट, डॉट मॅट्रिक्स, फ्लॉपी, सीडी, सगळं या हातांखालून गेलंय. त्यामुळं मतं आहेत, आणि आज ती ऐकवणार.

फ्लॉपीच्या 1.44 एमबीचा हिशेब असा. आतल्या पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंना 80-80 ट्रॅक, एकेका ट्रॅकवर 18 सेक्टर, एका सेक्टरात 512 बाइट. चकती मिनिटाला 300 फेरे घेणार आणि वाचणारं हेड तिला घासत राहणार. म्हणजे धूळ गेली की ओरखडा ठरलेला. त्यातून फौंड्रीचं ऑफिस! वाळूची बारीक धूळ टेबलावर बोटानं नाव लिहावं इतकी. पलीकडं मशीनशॉपमध्ये ग्राइंडिंगचं मॅग्नेटिक चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा धरून ठेवणारं चुंबक. कुणी फ्लॉपी हातात घेऊन त्याच्यावर टेकलं की झालं कल्याण, सगळं पुसलं. आणि खानापूरकडच्यांना विचारा पावसाळ्याचं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला चार महिने भिंतींना पाझर, फ्लॉपीची सरकती पट्टी बाजूला करून बघावं तर आतल्या चकतीवर पांढरी बुरशी. असली फ्लॉपी ड्राइव्हात घातली की ती तर जाणारच, वर हेड खराब करून पुढच्या दोन-चार फ्लॉप्या सोबत नेणार. पहिला ट्रॅक गेला तर सगळी फ्लॉपीच गेली, कारण कुठली फाइल कुठं आहे याची यादी तिथंच.

याहून वाईट म्हणजे एका ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर वाचेलच असं नाही. हेडची जागा केसभर इकडंतिकडं असली की संपलं. आपल्या मशीनवर उघडते, प्रेसच्या मशीनवर उघडत नाही. निपाणीची माणसं मॅटर घेऊन कोल्हापूरला जायची, बेळगावपेक्षा ते जवळ. तिथं पोचल्यावर ऑपरेटर म्हणणार, ‘काही नाही हिच्यात, रिकामी आहे.’ परत एसटी, परत निपाणी. म्हणून जाणती माणसं एकाच मॅटरच्या दोन फ्लॉप्या न्यायची आणि तिसरी वेगळ्या पिशवीत ठेवायची. ज्या वस्तूच्या तीन प्रती बरोबर घ्याव्या लागतात तिला बदाम?

कुणी म्हणेल, मग जगानं इतकी वर्षं कशी वापरली? सोनीनं साडेतीन इंचीचं उत्पादन 2011 साली थांबवलं. जपान सरकारच्या नियमांतून फ्लॉपी पूर्णपणे गेली ती 2024 मध्ये. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या यंत्रणेत आठ इंची फ्लॉपी 2019 पर्यंत होती म्हणे, म्हणजे होतीच, तसं अधिकृतपणे सांगितलं गेलंय. खरंय सगळं. पण बदलायचा खर्च आणि धाकधूक यांमुळं ती टिकली. आपल्याकडं जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या) मशीनना फ्लॉपी ड्राइव्ह असायचे. मशीन धडधाकट, ड्राइव्ह मेलेला. मग लोकांनी त्याच खाचेत पेनड्राइव्ह लावायची छोटी पेटी बसवली. मशीनला वाटतं अजून फ्लॉपीच आहे. लाखांचं मशीन भंगारात जायचं वाचलं, आणि फ्लॉपीसाठी कुणी रडलं नाही.

आता खऱ्या वस्तूंकडं येते.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. नऊ पिनांचा, किरकिरणारा, एक पान काढायला वेळ घेणारा. पण त्याच्या पिना रिबनवरून कागदावर प्रत्यक्ष आपटतात, त्यामुळं खालचे कार्बन एका दमात उठतात. एक्साइजच्या (तेव्हाच्या उत्पादन शुल्काच्या) इन्व्हॉइसची पहिली प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी ट्रान्सपोर्टला, तिसरी आपल्या फाइलला. लेझर प्रिंटरला हे जन्मात जमायचं नाही. तो तीन वेळा छापेल, पण मग तिन्ही कागद एकच आहेत हे कशावरून? कार्बनमध्ये आकडा बदलला तर तिन्हीकडं बदलावा लागतो, आणि खाडाखोड दिसते. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी अडवली की ड्रायव्हर काय दाखवायचा? तोच गुलाबी नाहीतर पिवळा कागद. आणि दिवसाच्या शेवटी कागदाच्या दोन्ही बाजूंच्या भोकाच्या पट्ट्या फाडत बसायचं, गप्पा मारत. ऑफिसातल्या निम्म्या लग्नांच्या बातम्या मला त्या पट्ट्या फाडताना कळल्यात.

सायक्लोस्टाइल, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायचं यंत्र, तर फारच मानी. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर नुसते खिळे आपटायचे. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही, जास्त झाला तर मराठीत पंचाईत: ‘ठ’, ‘व’, ‘ळ’ यांच्या पोटातला मेणाचा तुकडाच गळून पडतो आणि छापताना तिथं शाईचा काळा गोळा. चूक झाली की लाल द्रव लावून वाळवायचं, परत आपटायचं. शाळेचे पेपर, सोसायटीच्या नोटिसा, सीमाप्रश्नाच्या सभांची पत्रकं, सगळं असंच निघालंय. हात कोपरापर्यंत काळे. पण ते पत्रक आज कुणाच्या ट्रंकेत सापडलं तर फिक्या शाईतसुद्धा वाचता येतं. चष्मा लागेल, ड्राइव्ह लागणार नाही.

आणि सगळ्यात जुनी वस्तू आमच्या शेजारीच होती, वडगाव-खासबागच्या मागांवर. जॅकार्डची पंच कार्डं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोऱ्यानं ओवलेल्या, भोक असलं की आकडी वर जाते, नसलं की खालीच राहते, आणि साडीच्या काठावर नक्षी उतरते. फ्रान्समध्ये जॅकार्डनं हा माग 1804 च्या सुमाराला उभा केला. अमेरिकेतल्या 1890 च्या जनगणनेला हॉलरिथनं भोकं पाडलेली कार्डंच वापरली, आणि तिथून ती कॉम्प्युटरात आली. म्हणजे आमच्या विणकऱ्यांकडं जी माहिती साठवलेली असायची ती दिव्याकडं धरून बघता यायची. भोक फाटलं तर कागदाची चकती चिकटवून दुरुस्त. नक्षी कुठं बिघडली हे बोटानं दाखवता यायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. या सगळ्या वस्तू हळू होत्या, घाण करायच्या, पण त्यांच्यात ठेवलेलं डोळ्याला दिसायचं. फ्लॉपी म्हणजे झाकण घट्ट बसलेला पितळी डबा, आत लाडू की मुंग्या हे उघडल्याशिवाय कळायचं नाही आणि उघडायची कळ दुसऱ्याच्या हातात. ही सवय फ्लॉपीनं लावली. पुढं सीडी, पेनड्राइव्ह आणि आता ढगात (क्लाउडवर) ठेवलेलं सगळं तसलंच.

पण आपल्या सीमाभागाचं नुकसान नुसतं फ्लॉपीनं केलं नाही. फ्लॉपी आणि फॉन्ट, दोघांनी मिळून केलं, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून खरं तर ही पोस्ट.

विंडोज 95 ला देवनागरी कळत नव्हती. मग प्रत्येक फॉन्टवाल्यानं इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार आपापल्या मर्जीनं बसवले. श्रीलिपीचा नकाशा वेगळा, आकृतीचा वेगळा, आयएसएमचा वेगळा. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर कचरा. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहा आणि फॉन्ट काढून घ्या. समोर इंग्रजी ई, जे, के, मोठा बी, एच उरतात. मशीनच्या लेखी ते कधी मराठी नव्हतंच.

यातली हळहळ वाटणारी गोष्ट सांगते. 1991 साली इस्की नावाचं भारतीय लिप्यांसाठीचं मानक आलं होतं. त्यात ‘क’ला एकच नंबर, मग तो देवनागरीत दाखवा नाहीतर कन्नडमध्ये. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या) मशीनमध्ये बसवलं की तोच मजकूर या लिपीतून त्या लिपीत जायचा. इनस्क्रिप्ट कीबोर्डही तसाच, ‘के’ची कळ दोन्हीकडं क. यापेक्षा बेळगावच्या कामाचं आणखी काय असणार होतं? आमच्याकडं लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. पण बाजारात चाललं ते दुसरंच. मी मराठीला एक पॅकेज आणि कन्नडला नुडी असं एकाच खुर्चीवर बसून करायची, एकच नाव दोनदा टाइप करून. (मराठीत ऱ्हस्व ‘ए’ नाही, कन्नडमध्ये आहे, त्यावरून नावांचं जे काय व्हायचं त्यावर स्वतंत्र पोस्ट होईल.) पुढं विंडोज 2000 मध्ये देवनागरी आली, एक्सपीमध्ये कन्नड. तोवर दहा वर्षांचं मॅटर जुन्या फॉन्टांत अडकलं होतं. कन्नडवाल्या मित्रांचं दुखणं अगदी हेच आहे, त्यांच्याही जुन्या फायली अशाच कुजतायत.

फरक एवढाच की कन्नडच्या मागं इथं सरकार आहे, खातं आहे, विद्यापीठ आहे. आपल्या भागातलं मराठी मंडळांच्या कपाटांत आणि डीटीपीवाल्यांच्या फ्लॉपीच्या डब्यांत राहिलं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, गावोगावची साहित्य संमेलनं; त्यांच्या स्मरणिका, भाषणं, ठराव. गणेशोत्सवाचे अहवाल. सोसायट्यांचे ताळेबंद. तालमीच्या कुस्त्यांची पत्रकं. 1946 च्या बेळगावच्या संमेलनात माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण दर सभेत सांगतो. सांगता येतं, कारण ते कागदावर राहिलं. 2000 साली इथं य. दि. फडक्यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा अखिल भारतीय संमेलन भरलं, तेव्हाच्या उत्साहात गावागावांत किती काय लिहिलं गेलं, टाइप झालं! मोठ्या संमेलनाचं कुणी ना कुणी जपेलच. गावातल्या मंडळानं त्या वर्षी जे सोळा पानी काढलं, त्याच्या छापील प्रती वाळवीनं खाल्ल्या असतील तर उरलेलं फक्त फ्लॉपीवर आहे, मेलेल्या फॉन्टात.

अजूनही पोरं येतात. ‘अक्का, मागचंच मॅटर आहे की, नुसतं साल बदलून द्या.’ मागचंच आहे रे बाबा, पण उघडेना झालंय की!

यातलं बरंचसं परत मिळतं, हेही सांगते. साडेतीन इंचीचा यूएसबी ड्राइव्ह लॅपटॉपला लागतो. फ्लॉपीची पट्टी सरकवून आधी बुरशी बघा, मगच आत घाला. आधी फाइल जशीच्या तशी कॉपी करून घ्या, उघडायचा मोह नंतर. पेजमेकर (तेव्हाचं पानं लावायचं सॉफ्टवेअर) 6 किंवा 7 ची फाइल इनडिझाइनच्या सीएस 6 पर्यंतच्या आवृत्तीत उघडते, नव्यात नाही. मग कुठला फॉन्ट होता ते शोधायचं आणि त्या फॉन्टातलं युनिकोडमध्ये (आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या मानकात) आणणारं कन्व्हर्टर लावायचं. कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं, म्हणून ‘किर्ती’ का ‘कीर्ती’ का भलतंच, हे वाचून बघणारं माणूस लागतंच. ते काम नव्या पोरांना जमणार नाही, आमच्यासारख्यांनी बसायला पाहिजे. नाहीतरी दुपारी मोबाइलवर फोटोला बदामच देतोय.

माझ्याकडं विंडोज 98 चं जुनं मशीन अजून चालतंय, पेजमेकर आणि तेव्हाचे फॉन्ट त्यात आहेत. ज्या मंडळाकडं डबे पडून असतील त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा, पैसे नकोत. सव्वापाच इंचीवाल्या मात्र आणू नका, त्याचा ड्राइव्ह केव्हाच गेला. आणि फ्लॉपीवरचं लेबल फाटकं असलं तरी काढून टाकू नका. डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवायला लागायचं, त्यावरून मला काय डोंबल कळणार आत काय आहे ते.