अदिंक्रा: हजारो वर्षांची लिपी वगैरे काही नाही

घानामधल्या असांते लोकांची ‘अदिंक्रा’ नावाची चिन्हं कोरलेल्या लाकडी फळ्यांचे फोटो येतात आणि खाली ठरलेला मजकूर: ‘ही आफ्रिकेची हजारो वर्षं जुनी लिपी. प्रत्येक चिन्हाचा अर्थ ठरलेला. असांते लोक ती लाकडात कोरून शुभ म्हणून भिंतीवर लावत. त्यात स्वस्तिकही आहे, म्हणजे मूळ आपलंच!’

लिपी? नाही. अदिंक्राच्या ठशांनी बाजारहाटाची यादीसुद्धा लिहिता येणार नाही. एक ठसा एखादी अख्खी म्हण किंवा कल्पना सुचवतो. मान मागे वळवलेला सांकोफा पक्षी म्हणतो, विसरलेलं आणायला मागे जाण्यात काही गैर नाही.

हजारो वर्षंही नाहीत. असांते राज्यच सतराव्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलं. ब्रिटिश म्युझियममधलं जुनं अदिंक्रा कापड ब्रिटिश प्रवासी टॉमस बाउडिच यांनी असांतेंच्या राजधानीहून, कुमासीहून १८१७ मध्ये आणलेलं. शेजारच्या ग्यामान राज्याचा राजा कोफी अदिंक्रा साधारण १८१८ मध्ये हरला आणि ही कला असांतेंच्या हाती आली, ही लाडकी गोष्टही या कापडापुढे लंगडी पडते.

‘शुभ म्हणून भिंतीवर’ हा दावा मात्र सगळ्यात गमतीचा, कारण या ठशांचं खरं घर म्हणजे कापड, आणि तेही मुख्यतः दुखवट्याचं: लाल, तपकिरी, काळं. पांढऱ्या किंवा उजळ कापडावरचे ठसे सणासमारंभाला. कुमासीजवळच्या न्तोन्सो गावात हे काम आजही चालतं. बादिए झाडाची साल भिजवून, कुटून, डांबरासारखी दाट शाई होईपर्यंत उकळतात. ठशासाठी वाळक्या भोपळ्याच्या कवचात नक्षी कोरतात, मागे काड्यांची मूठ बांधतात. कापड ताणून आधी फणीसारख्या अवजाराने रेघांचे चौकोन पाडायचे, मग एकेका चौकोनात ठसे उमटवत जायचं.

भिंतींवर नक्षी होती, हे खरं. युनेस्कोने १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या असांते वास्तूंवर ती आहे, पण मातीच्या गिलाव्यात उठवलेली. लाकूडकामही अस्सलच: बसायची आसनं, राजाच्या प्रवक्त्याच्या काठीवरची शिल्पं. टांगायची फळी ही अलीकडची, गिऱ्हाइकासाठी केलेली वस्तू. कुमासीजवळच्या अह्विआ या लाकूडकामाच्या गावातल्या सुतारांनी ती जरूर विकावी. आक्षेप खालच्या मजकुराला आहे.

आणि ठरलेले अर्थ? ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आर. एस. रॅट्रे यांनी १९२७ मध्ये पन्नासच्या वर ठसे नोंदवले. त्यांच्याकडे ‘आया’ हे नेच्याचं पान ‘मी तुला भीत नाही’ असं ठणकावतं. आजच्या फळ्यांवर त्याच पानाखाली ‘चिकाटी’ छापलेलं असतं. ठशांची भरही थांबलेली नाही. युनायटेड आफ्रिका कंपनी या विसाव्या शतकातल्या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या दिव्यांचा ‘यूएसी न्कानेआ’ नावाचा ठसाच आहे! प्राचीन लिपीत कंपनीचे दिवे कुठून आले, हे मजकूर पाठवणाऱ्यांनी सांगावं.

राहिलं स्वस्तिक. तशी आकृती आहे, नाकारायचं कारण नाही. पण असांते तिला ‘न्कोतिमसेफो पुआ’ म्हणतात: राजमातेच्या सेवकांची केस राखण्याची पद्धत. अर्थ सेवा आणि निष्ठा. वळलेल्या चार हातांची आकृती जगात कितीतरी ठिकाणी स्वतंत्रपणे काढली गेली आहे. तिच्यावरून असांतेंना आपले वंशज ठरवायचं, तर राजमातेच्या त्या सेवकांचे केस कापायलाही इथूनच कोणीतरी गेलं होतं, असं म्हणावं लागेल.