वालतेल्लिनाची लाल वाइन म्हणजे 'गरिबाची बारोलो' नव्हे

वाइनची आवड असलेल्या मंडळींत एक पोस्ट कायम फिरत असते. मजकूर साधारण असा: "इटलीतल्या वालतेल्लिनाची लाल वाइन म्हणजे गरिबाची बारोलो. द्राक्ष तेच, नेबिओलो, पण आल्प्सच्या थंडीत ते धड पिकत नाही. म्हणून रंग फिका, चव पातळ, वर्षभरात पिऊन टाकायची. ही उणीव झाकायला तिथले लोक द्राक्षं वाळवून गोड वाइन करतात." (बारोलो म्हणजे इटलीतल्याच पिएमोंते भागातली नामांकित, महागडी लाल वाइन.) हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

आधी थंडीचं बघू. आल्प्सच्या बऱ्याच दऱ्या उत्तर-दक्षिण असतात. वालतेल्लिना ही आद्दा नदीची दरी मात्र पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे तिचा उत्तरेकडचा सगळा उतार दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खातो. मागे उंच डोंगर उत्तरेचा वारा अडवतात आणि खालून कोमो सरोवराकडून 'ब्रेव्हा' नावाचा वारा येतो. वेली साधारण 300 ते 700 मीटर उंचीवर, दगडी पायऱ्यांवर लावलेल्या. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिलाय त्यांना या पायऱ्या लगेच कळतील: चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नेमका बसवलेला आणि फटींतून पाणी झिरपून जाणारं. असे बांध तिथे सुमारे 2500 किलोमीटर भरतील एवढे आहेत आणि त्यांच्यामागची पुष्कळशी माती माणसांनी पाठीवरून वर नेलेली आहे. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी वेलीला ऊब देत राहतो. तिथल्या खडकांत निवडुंग उगवतं. एका पट्ट्याचं नावच 'इन्फेर्नो', म्हणजे नरक; उन्हाळ्यात तो उतार असा तापतो की नाव तसं पडलं म्हणतात. रात्री मात्र गार असतात, म्हणून पिकलेल्या द्राक्षाचा आंबटपणा आणि वास टिकतो.

रंगाचं उत्तर खुद्द बारोलोच देते. तिचा ग्लास छापील कागदावर धरा, अक्षरं दिसतील. नेबिओलोच्या सालीत रंगद्रव्य कमी आणि तेही लवकर उतरणारं. तुरटपणा मात्र भरपूर. आपल्याकडे नाशिकची शिराझ किंवा कॅबरने पिऊन डोळ्यांना गडद रंगाची सवय झालेली असते, म्हणून फिकं ते पाणचट असं वाटतं. एक घोट घेऊन हिरड्यांना विचारा. लिओनार्दो दा विंचीनेही आपल्या टिपणांत, भयंकर उंच डोंगरांनी वेढलेली ही दरी जोरकस वाइन करते, असं लिहून ठेवलंय.

"वर्षभरात पिऊन टाका" हे साध्या 'रोस्सो दि वालतेल्लिना'बद्दल म्हणा हवं तर, ती ताजीच छान लागते. पण 'वालतेल्लिना सुपेरिओरे'ला 24 महिने मुरवणं नियमानेच सक्तीचं आहे, त्यातले 12 लाकडी पिंपात. रिझर्व्हाला 36 महिने. चांगल्या सालची रिझर्व्हा काही जुनी वाइन-घराणी दशकभराने बाजारात आणतात.

गोड वाइनचा आरोप 'स्फोर्त्सातो' या वाळवलेल्या द्राक्षांच्या वाइनवर आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त झोंबतो. तासगावकडे बेदाण्याची शेड पाहिली असेल, तर हवेशीर माळ्यावर ट्रेमध्ये पसरलेली द्राक्षं डोळ्यांपुढे येतील. स्फोर्त्सातोसाठी मात्र बेदाणा होऊ देत नाहीत. थंडी पडेपर्यंत पाणी उडून द्राक्षाचं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटलं, की रस काढून आंबवतात आणि साखर संपेपर्यंत आंबवतात. गोडवा मद्यार्कात जातो. किमान 14 टक्के. वाइन कोरडीच राहते. इटलीतला सर्वोच्च डीओसीजी दर्जा तिला 2003 मध्ये मिळाला; याच पद्धतीच्या जगप्रसिद्ध इटालियन वाइनला, आमारोनेला, त्यासाठी 2010 उजाडलं.

राहिलं "तेच द्राक्ष". तेच आहे, पण उसनं आणलेलं नाही. इथे त्याला किआवेन्नास्का म्हणतात. डीएनए तपासणीत रोस्सोला, ब्रुन्योला या इथल्या जुन्या जातींशी त्याचं थेट आई-लेकराचं नातं निघालंय. पिएमोंतेकडे 1266 सालची लेखी नोंद आहे, तिथेही त्याचे नातलग आहेत, तेव्हा माहेर कुठलं यावर वाद घालता येईल. नक्कल कुणी म्हणू नये.

आणि 'गरिबाची'? या उतारावर ट्रॅक्टर चढत नाही. एका हेक्टरला वर्षाला हजाराहून अधिक तास हातांनी राबावं लागतं, तोडणीचे क्रेट खांद्यावरून किंवा छोट्या मोनोरेलवरून उतरवावे लागतात; काही ठिकाणी तर हेलिकॉप्टर बोलावतात. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं स्वित्झर्लंडच्या टूरमध्ये बर्निना एक्स्प्रेसने तिरानोला उतरतात. ते गाव याच दरीत आहे. गाडीला वेळ असेल तर स्टेशनबाहेर मान वर करून ते बांध बघा, आणि कुट्टूच्या पिठाच्या पित्सोक्केरी या पास्त्याबरोबर एक ग्लास सासेल्ला, म्हणजे याच दरीतल्या त्या नावाच्या पट्ट्यातली वाइन, मागवा.