नव्वद दिवस थांबा म्हणे!

"डोळ्याची नस ब्लॉक झाली? इंजेक्शन घेऊ नका, डोळा जाईल. स्कॅनच्या किरणांनी पडदा जळतो. कांद्याचा रस आणि मध नव्वद दिवस डोळ्यात घाला, गाठ विरघळते. बीपीच्या गोळ्या बंद करा." सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरून हा मेसेज आमच्या मोठ्या बाबांपर्यंत आला. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याची (रेटिनाची) मुख्य शीर बंद झाली आहे आणि मेसेज वाचून त्यांनी इंजेक्शनची तारीख पुढे ढकलली. म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या गोष्टींवर कोण बोलतं?

किरणांचं आधी उरकतो. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या या स्कॅनमध्ये, एक्स-रे नसतो. अवरक्त प्रकाश पडद्याच्या थरांवरून परततो आणि शीर तुंबल्याने आलेली सूज किती मायक्रॉन आहे ते दिसतं. हनुवटी टेकवा, खुणेकडे बघा, झालं. हाताच्या शिरेतून डाय सोडतात ती अँजिओग्राफी वेगळी. तिच्यानंतर एक-दीड दिवस लघवी संत्र्याच्या रंगाची होते. नागपूरकरांनी तरी याला भिऊ नये. काहींना मळमळतं, क्वचित ॲलर्जी येते, म्हणून आधी विचारून घेतात.

कांद्याचा रस पडणार बुबुळावर, आणि शीर तुंबली आहे पार मागे, जिथून ती डोळ्याबाहेर पडते तिथे. मधली वाट रस कशी चालून जाणार, ते मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही. इंजेक्शन थेट डोळ्यात द्यावं लागतं ते याचसाठी. तेही बुबुळातून नाही. भूल देऊन, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून.

पण माझं डोकं फिरलं ते 'नव्वद' या आकड्याने. शीर बंद होऊन पडद्याचा रक्तपुरवठा फारच तुटला, तर उपाशी पडदा नव्या रक्तवाहिन्या मागवतो. त्या बुबुळावर उगवतात, डोळ्यातलं पाणी निघायची वाट बुजवतात, दाब चढतो. डोळा ठणकतो आणि बरेचदा कायमचा जातो. हे साधारण तीनेक महिन्यांत होतं, म्हणून डॉक्टरांच्या बोलण्यात याला 'हंड्रेड डे ग्लॉकोमा', म्हणजे शंभर दिवसांचा काचबिंदू, असं जुनं नाव आहे. आणि नेमके तेच तीन महिने हा मेसेज माणसाला डॉक्टरपासून लांब ठेवतो. काहून बाप्पा?

थांबल्याने काय होतं याचं उत्तर 2010 साली आलेल्या 'क्रूझ' अभ्यासात आहे. मुख्य शीर बंद होऊन पडद्याला सूज आलेले 392 रुग्ण. ज्यांना दर महिन्याला रॅनिबिझुमॅबचा, म्हणजे डोळ्यात टोचायच्या या औषधाचा, पूर्ण डोस मिळाला, ते सहा महिन्यांनी तक्त्यावरची सरासरी 15 अक्षरं जास्त वाचू लागले. ज्यांना इंजेक्शनचा नुसता देखावा केला, त्यांची सुधारणा एका अक्षराचीही नव्हती. पुढे त्यांनाही खरं औषध दिलं, तरी वर्षअखेर त्यांचा फायदा सुमारे 7 अक्षरांवरच अडला. पहिला गट तेव्हा 14 च्या आसपास होता. सहा महिने उशीर, निम्मा फायदा वजा.

त्याच अभ्यासात आणखी एक गंमत आहे. देखाव्याच्या गटातल्या सुमारे 17 टक्के लोकांना औषधाविनाच 15 किंवा जास्त अक्षरांचा फायदा झाला. "मला कांद्याने गुण आला" म्हणणारे बहुधा यांच्यातलेच. त्यांनी त्या काळात गोडेतेल घातलं असतं तर श्रेय गोडेतेलाला गेलं असतं.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. "स्कॅनमधली सूज उतरली, नजर आली नाही" ही तक्रार खोटी नसते. पडद्याच्या मधल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या असतील किंवा प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा थर तुटला असेल, तर पडदा सपाट होऊनही दिसत नाही. हे आधीच नीट सांगायला हवं. सगळीकडे सांगतात असं नाही. इंजेक्शनने जंतुसंसर्गही होतो, हजारात एकापेक्षा कमी वेळा, पण झाला तर डोळ्यावर बेतू शकतं. नंतरच्या दिवसांत दुखलं, लाल झालं, अंधुक झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. खर्चाचं म्हणाल तर त्याच जातीचं बेव्हासिझुमॅब बरंच स्वस्त पडतं; नागपुरात मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी दवाखान्यांत विचारून तरी बघा.

राहिली बीपीची गोळी. वाढलेलं बीपी हेच या आजाराच्या मोठ्या कारणांपैकी एक. कडक झालेली धमनी शेजारच्या शिरेला दाबते, तिथे रक्त गोठतं. गोळी मनाने बंद केली तर दुसरा डोळाही धोक्यात येतो, आणि मेंदूही.