दगड टाकून डोहाची खोली कळत नाही, तो मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

परवा रात्री ऐरोलीहून ताईचा फॉरवर्ड आला. 'धबधब्याच्या डोहात बिनधास्त उडी मारा, फक्त हे 7 नियम पाळा', आणि शेवटी हात जोडून 'प्रत्येक ग्रुपवर पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल'. त्याखाली ताईने लिहिलेलं, "पोरं सगळं वाचून चाललीत रे रविवारी कोंडेश्वरला, तू उगाच ओरडू नकोस त्याला." तो म्हणजे माझा भाचा, 19 वर्षांचा, आणि कोंडेश्वर म्हणजे बदलापूरजवळचा धबधबा. मेसेज वाचला आणि झोपच उडाली, कारण हे नियम पाळूनच पोरं मरतील.

सगळ्यात भयंकर आहे तो पहिला नियम. डोहात मोठा दगड टाका, 'डुबुक' असा जड आवाज आला तर पाणी खोल, 'चपक' आला तर उथळ. अरे, दगड पाण्याच्या वरच्या थरावर आपटतो तेव्हा आवाज येतो, तळाला तो नंतर पोचतो! तळ कुठे आहे हे त्या आवाजाला काय माहीत? आणि पावसाळ्यात धबधब्यासमोर शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथे डुबुक आणि चपक वेगळं कोण ऐकणारे.

समजा ऐकू आलं, तरी कळलं ते एका जागेचं. आपल्या सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, पाण्यासोबत गोटे गरगर फिरून त्यात रांजणखळगे पडतात, निघोजला कुकडीच्या पात्रात लोक मुद्दाम बघायला जातात ते तेच. धबधब्याखालीही असे खळगे असू शकतात, म्हणजे इथे पुरुषभर पाणी आणि एका पावलावर कंबरभर.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही चौघं बदलापूरच्या पुढे एका डोहावर गेलो होतो, पाणी संथ, आणि उडीची जागा पाण्यापासून पंधरा फूट उंचावर. नायलॉनच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारून टोकाला जिममधली अडीच किलोची प्लेट बांधली होती. लोक जिथून उडी मारतात तिथे सरळ खाली चौदा गाठी बुडाल्या. तिथून डावीकडे चार फुटांवर सोडली तर पाचव्या गाठीला दोरी सैल पडली. वरून दोन्हीकडे तेच काळपट हिरवं पाणी, काडीचा फरक दिसत नव्हता, आणि माझा एक मित्र शर्ट काढून नेमका त्या डाव्या बाजूलाच उभा होता. मग आम्ही गॉगल लावून खालून पोहत गेलो, पूर्ण जागा हाताने चाचपली, तर एक झाडाचं खोड खडकात अडकून वर टोक करून उभं. ते आलेलं पावसाळ्यात वाहून. म्हणून 'गेल्या वर्षी इथूनच मारली होती' यालाही अर्थ नाही, एका पुरात धोंडे इकडचे तिकडे होतात. स्पर्धेच्या स्विमिंग पूलमध्ये 10 मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली साधारण 5 मीटर पाणी लागतं, तेही सपाट तळाचं आणि स्वच्छ, आणि इथे आपण दगडाच्या आवाजावर मान पणाला लावायची?

दुसरा नियम, फेसाळ पाण्यात उडी मारा, तिथे लागत नाही. यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. डायव्हिंगच्या सरावात पूलमध्ये खालून हवेचे बुडबुडे सोडतात, त्याने आपटणं खरंच कमी होतं. पण तिथे खोली ठाऊक असते आणि कोच काठावर उभा असतो. धबधब्याखालच्या फेसात हवा मिसळलेली म्हणून पाणी हलकं, ते तुम्हाला नीट वर उचलत नाही, हात मारले तरी पकड मिळत नाही, आणि वरून पडणारं पाणी खाली जाऊन उलटं फिरतं ते परत धारेखालीच ओढतं. चांगले पोहणारेही तिथेच अडकतात.

पाय खाली ठेवून उडी मारली की 40 फुटांवरूनही काही होत नाही म्हणे. 40 फुटांवरून पाण्यावर आपटताना वेग ताशी 55 किलोमीटरच्या आसपास असतो. हाय डायव्हिंगचे पुरुष 27 मीटरवरून पायावरच उतरतात हे खरं, पण वर्षानुवर्षांच्या सरावानंतर, आणि खाली पाण्यात बचावाचे डायव्हर थांबलेले असतात. थोडी बिअर घेतली की थंडी वाजत नाही, यावर मी लिहिणारच नाही.

'गावकरी आसरांच्या नावाने घाबरवतात, लक्ष देऊ नका' हे वाचून मात्र फार राग आला. मीही आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, मानत नाही. पण गावातली म्हातारी माणसं ज्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात तिथून त्यांनी माणसं बाहेर काढलेली असतात, पाणी कुठे ओढतं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं, गढूळ होतं, पाला वाहून येतो, हे आधी त्यांनाच कळतं. ऑगस्ट 2019 मध्ये खारघरला पांडवकड्याजवळ कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या, 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण गेले. यातलं कोणी कड्यावरून उडी मारायला गेलं नव्हतं.

आणि सातवा. बुडालेल्याला बाहेर काढून खांद्यावर उलटं घ्या, गोल फिरवा, पोट दाबून पाणी काढा. हे बंद करा हो! तोंडातून बाहेर येतं ते बहुतेक पोटातलं पाणी, त्याबरोबर उलटी येते आणि ती श्वासनलिकेत जाते, आणि ज्या दोन-तीन मिनिटांत श्वास द्यायचा ती फिरवण्यात जातात. अमेरिकन हार्ट असोसिएशनची बुडालेल्यांसाठीची 2024 ची सूचना बघा, श्वास आणि छाती दाबणं दोन्ही द्या म्हणतात, नुसती छाती दाबणं नाही, कारण बुडालेल्याचं मुळात ऑक्सिजनच संपलेलं असतं. सपाट जागेवर उताणं झोपवा, श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग 30 वेळा छाती दाबून 2 श्वास, हे चालू ठेवा, आणि दुसऱ्याने 108 किंवा 112 लावायचा. दरीत रेंज नसते, म्हणून रेंज कुठे येते ते जातानाच बघून ठेवायचं. उडी मारून मानेला लागलं असेल तर मान वळवू नका, हिसका देऊन ओढू नका.

काल भाच्याला फोन केला. म्हणाला, "मामा, मग तुझी दोरी दे ना." म्हटलं दोरी देतो, पण दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर, आणि मी सोबत येणार. येत्या रविवारी कोंडेश्वर नाही, त्या सहाही जणांना सकाळी घणसोलीला माझ्याकडे बोलावलंय. फर्स्ट एडचा कोर्स केलाय मी, सोफ्याच्या दोन जाड उशा काढून ठेवल्यात, प्रत्येकाकडून तीस-तीस वेळा दाबून घेणारे.