‘कपड्याच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ म्हणे!

लाँड्रीच्या पावतीच्या मागच्या बाजूला डोळे फोडून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं: रंग गेल्यास, कपडा आटल्यास, विरल्यास, बटण तुटल्यास, जरीकाठ काळा पडल्यास, आग लागल्यास, चोरी झाल्यास दुकान जबाबदार नाही. बरं. मग नक्की कशाला जबाबदार आहात तुम्ही? साडेतीनशे रुपये मोजून घ्यायला?

सासूबाईंची येवल्याची पैठणी. जांभळी, पदरावर मोर, अजून रेशमाला तीच झळाळी. मुंजीत पंगतीला पदरावर पियूष सांडलं. दुसऱ्याच दिवशी साडी दुकानात नेली, घडी उलगडली, बोट ठेवून दाखवलं. ‘दादा, हे बघा, इथे पियूष सांडलंय, साखर आहे त्यात.’ दादांनी मान वर न करता ‘हो हो ताई, निघेल सगळं’ म्हणून साडी मागच्या ढिगात भिरकावली. पावतीवर लिहिलं काय? ‘साडी १’. बस्स! सुती का रेशमी, पैठणी का पंजाबी ड्रेस, डाग कुठे आणि कशाचा, काही नाही.

परत आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत. रॉकेलसारखा भपकारा आणि घडी अजून कोमट. पदर उघडून बघते तर जिथे पियूष सांडलं होतं तिथे चहाच्या रंगाचा ओघळ. देताना तो दिसतसुद्धा नव्हता, नुसता किंचित कडक लागत होता हाताला. काठाला नंबराची चिठ्ठी लावलेली, ती स्टेपलरने! पिन काढली तर खाली गंजाचे दोन तांबूस ठिपके आणि जरीची एक तार वर आलेली. शिवाय फॉलवर काळ्या शाईने नंबर ठोकलेला, तोही असा की उजेडात धरला तर बाहेरून दिसतो.

यावर उत्तर काय मिळालं? ‘ताई, साडीच जुनी आहे.’

अहो, साडी जुनी आहे म्हणूनच तर तुमच्याकडे आणली ना? नाहीतर बादलीत रिठ्याचं पाणी करायला मला येत नाही होय?

मला राग डाग पडल्याचा नाहीये, डाग पडतात. हे लोक कपड्याकडे बघतच नाहीत, याचा आहे. ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसतं, कपडा रासायनिक द्रावणात फिरवतात. ते द्रावण तेल, तूप, मेकअप झटकन सोडवतं. साखर, घाम, सरबत मात्र त्याला दाद देत नाहीत, कारण ते पाण्यात विरघळणारे. म्हणून मशीनमध्ये टाकायच्या आधी ते डाग हाताने, वेगळे काढायचे असतात. तसं न करता वाफेची इस्त्री फिरवली की साखर तापते, पिवळी-तपकिरी होते आणि जन्माची चिकटते. त्यासाठी विचारायचं असतं ‘काय सांडलंय?’ मी तर न विचारता सांगितलं होतं! हळदीचंही तसंच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो कुंकवासारखा लाल होतो, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे, पण यांच्या कारागिराला ठाऊक असेल याची मला खात्री नाही.

आणि ड्रायक्लीनिंग तरी खरंच करतात का? बाहेर पाटी ‘ड्रायक्लीनर्स’ची, आत एक काउंटर आणि हँगर. कपडे जातात कुठल्या तरी कारखान्यात, तिथे कोण धुतो, कशात धुतो, देव जाणे. विचारलं तर ‘पेट्रोल वॉश’. कसलं पेट्रोल, ते द्रावण गाळता का, शुद्ध करून घेता का, की सगळ्या गावाचा मळ त्याच पिंपात? पांढरे कपडे करडे होऊन येतात ते उगाच नाही, आणि कपड्याला वास राहतो म्हणजे तो नीट वाळवलेला नाही. जगभर ड्रायक्लीनिंगला जे द्रावण वापरलं गेलं ते परक्लोरोएथिलीन बहुधा कर्करोगकारक, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सांगते. अमेरिकेने २०२४च्या डिसेंबरात ते ड्रायक्लीनिंगमधून दहा वर्षांत हद्दपार करायचा नियम केला. आमच्या दुकानात कशात धुतात विचारलं तर ‘इंपोर्टेड केमिकल आहे ताई’.

शर्ट-ब्लेझरला निदान आत लेबल असतं. गोलात ‘पी’ असेल तर परक्लोरोएथिलीन चालतं, ‘एफ’ असेल तर फक्त पेट्रोलियमवाली सौम्य द्रावणं, गोलावर फुली असेल तर ड्रायक्लीन अजिबात नको. हातमागाच्या साडीला कुठलं आलंय लेबल? तिथे माणसाचा डोळाच लागतो. जरीची तार चांदीची आहे, तांब्याच्या तारेवरचा मुलामा आहे की चक्क प्लॅस्टिकची, हे बघावं लागतं, कारण प्लॅस्टिकच्या जरीवर गरम इस्त्री थेट ठेवली की ती आक्रसलीच. रंग सुटतो का, ते आतल्या टोकाला ओला पांढरा कापूस दाबून बघावं लागतं. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांचेच पैसे देते मी!

मग शेजारचे सल्ला देतात, ग्राहक मंचात जा. जायला काय, कायदा आपल्या बाजूने आहे. साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयाने लाँड्रीच्या अशाच एका पावतीचा निकाल लावला होता. नवी साडी हरवली आणि पावतीवर छापलेलं की किमतीचा थोडासाच हिस्सा मिळेल. कोर्टाने ती अट उडवून लावली. आता त्या मंचाचं नाव जिल्हा ग्राहक आयोग, तिथे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही, दोन वर्षांत करायची, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोनही लावता येतो. पण किंमत काय सांगू? सासूबाईंनी येवल्याला कधी काळी घेतलेली साडी, बिल कोण जपून ठेवतं? आणि पावती म्हणाल तर ‘साडी १’. कळलं का आता ती इतकी त्रोटक का लिहितात? त्यात ‘पैठणी, पदरावर साखरेचा डाग, काठ शाबूत’ असं लिहिलं असतं तर दादांना ‘साडीच जुनी आहे’ म्हणायला तोंड राहिलं असतं का?

वर ऐकवलं काय, तर ‘पुढच्या वेळी वीस टक्के कमी लावतो.’ पुढच्या वेळी!

आणि काचेवर स्टिकर बघा, ‘पैठणी स्पेशालिस्ट’. या स्पेशालिस्टांसमोर एक येवल्याची आणि एक मशीनची अशा दोन साड्या टाका आणि म्हणावं ओळखा. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, मशीनच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात. नुसता पदर उलटा करायचा आहे हो. पण त्यासाठी आधी घडी उलगडावी लागते.