पूल दिसला म्हणून थांबू नका

टोर्नेडोचा, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत गरगर फिरणाऱ्या भयंकर वावटळीचा एक जुना व्हिडिओ अजूनही फिरतोय, खाली 'शेअर करा, जीव वाचेल' असं लिहून. माझ्या मते त्याने उलट जीव जाईल.

26 एप्रिल 1991, अमेरिकेतलं कॅन्सस. टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर टीव्हीच्या बातमीदारांची गाडी, मागून टोर्नेडो येतोय. ते आणि आणखी काही प्रवासी पुलाखालचा उतार चढून तुळयांपाशी दबकून बसतात. वारा घोंघावत निघून जातो, सगळे सुखरूप. बघणाऱ्याला वाटतं, पूल सापडला की सुटलो!

पण तो टोर्नेडो तुलनेने कमजोर होता आणि त्याचा गाभा त्यांच्यावरून गेलाच नाही. शिवाय त्या पुलाला वर तुळयांच्या मध्ये शिरायला जागा होती, ती प्रत्येक पुलाला नसते. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात अनेकांनी असाच आसरा घेतला. त्या एका दिवशी तीन वेगवेगळ्या पुलांखाली तीन जण गेले, कित्येक जबर जखमी झाले. पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वाऱ्याचा जोर वाढतो, आणि उतारावर जितकं वर जाल तितका तो जास्त झोंबतो. त्यात पत्रे, फळ्या, काचा गोळ्यांसारख्या येतात. टोर्नेडोत माणसं मरतात ती बहुतेक या उडणाऱ्या वस्तूंनीच. शिवाय सगळ्यांनी गाड्या पुलाखालीच लावल्या की रस्ता तुंबतो, मागचे उघड्यावर अडकतात. हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

'खिडक्या उघडा, नाहीतर हवेच्या दाबाने घर फुटेल' हेही तसलंच. घर दाबाने फुटत नाही, आत शिरलेला वारा छप्पर उचलतो. खिडक्यांच्या नादी लागू नका, तळघरात जा. तळघर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध, बिनखिडकीच्या लहान खोलीत. बाथरूम चालेल, जिन्याखालची जागा चालेल. डोक्यावर हेल्मेट, अंगावर गादी. मोबाइल होममध्ये, म्हणजे तयार आणून जागेवर ठेवलेल्या हलक्या घरात असाल तर इशारा मिळताच बाहेर पडून पक्क्या इमारतीत जा, ते घर कितीही बांधून ठेवलेलं असो.

गाडीने पळून जाऊ म्हणणाऱ्यांनी ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाजवळचा टोर्नेडो आठवावा. 31 मे 2013 चा तो टोर्नेडो सुमारे 4.2 किलोमीटर रुंद झाला होता, आजवरचा सर्वात रुंद. टिम समारस यांची हयात टोर्नेडोच्या अभ्यासात गेली होती. ते, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गाडीत असतानाच त्यात सापडून मरण पावले. टोर्नेडो डावीकडे-उजवीकडे सरकत नसेल, नुसता मोठा होत असेल, तर तो थांबलेला नाही, तुमच्याकडेच येतोय. जवळ पक्की इमारत नसेल तर पट्टा लावून, खिडकीच्या खाली वाकून डोकं झाका. गाडीबाहेर रस्त्यापेक्षा बरीच खोल जागा असेल तर तिथे पालथे पडा. दोन्ही अगदी नाइलाजाचे उपाय आहेत.

आणि लपायला जाताना पायात बूट हवेत. नंतर बाहेर येताना काचा, खिळे आणि तुटलेल्या तारांमधूनच चालायचं असतं.